अठरावी पोमेरेनियन उलान रेजिमेंट (१९१९–१९३९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पांत पोलंडचं नाव निघालं की कुणी ना कुणी भाले आणि रणगाड्यांची गोष्ट सांगतोच. ती गोष्ट ज्या रेजिमेंटच्या नावावर खपवली जाते, तिच्याबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागली आहे. ज्यांना फक्त १ सप्टेंबर १९३९ ची लढाई वाचायची आहे त्यांनी थेट खाली जावं. पण आधीची वीस वर्षं वाचल्याशिवाय ती संध्याकाळ नीट कळणार नाही.

सगळ्यात आधी हे सांगा: पोलिश स्वारांनी भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर घोडे घातले, हे खरं का?

नाही. स्वारांच्या हातात भाले नव्हते, तलवारी होत्या. समोर रणगाडे नव्हते, विसावा घेत असलेलं पायदळ होतं. स्वारांची कत्तल केली ती नंतर येऊन पोचलेल्या चिलखती गाड्यांच्या मशीनगनांनी. सविस्तर पुढे येईलच.

ही रेजिमेंट कधी आणि कुठे उभी राहिली?

१९१९ च्या उन्हाळ्यात, पोझनानच्या परिसरात. सव्वाशे वर्षं नकाशावर नसलेला पोलंड १९१८ च्या नोव्हेंबरात परत आला, आणि पहिली दोन वर्षं त्याला जवळजवळ सगळ्याच सीमांवर लढावं लागलं. त्या धामधुमीत पथकं आधी जमवली जायची आणि क्रमांक मागून मिळायचा. या रेजिमेंटचंही तसंच झालं. आधी तिचा क्रमांक वेगळा होता. १९२० मध्ये अठरावा मिळाला आणि पुढे पोमेरेनिया प्रांताचं नाव जोडलं गेलं. सोव्हिएत रशियाविरुद्धच्या १९२० च्या युद्धात ती लढली आणि युद्ध संपल्यावर विस्तुला नदीकाठच्या ग्रुजाँत्स या गावी स्थिरावली.

उलान म्हणजे हलक्या घोडदळातले स्वार. पोलिश सैन्यात त्यांच्या जोडीला ‘श्वोलेझेर’ आणि ‘घोडेस्वार रायफलधारी’ अशा आणखी दोन जाती होत्या. १९३९ पर्यंत तिघांची हत्यारं आणि रचना सारखीच झाली होती. फरक उरला होता तो टोपीच्या पट्ट्याच्या रंगाचा, कॉलरवरच्या चिमुकल्या निशाणाचा आणि अभिमानाचा. एकूण रेजिमेंट ४० होत्या: २७ उलानांच्या, ३ श्वोलेझेरांच्या, १० घोडेस्वार रायफलधाऱ्यांच्या.

ग्रुजाँत्समध्येच का?

व्हर्सायच्या तहाने पोलंडला समुद्रापर्यंत पोचायला जमिनीची एक चिंचोळी पट्टी मिळाली. जर्मन लोक तिला ‘कॉरिडॉर’ म्हणत आणि ती परत घेण्याच्या गोष्टी उघड करत. ग्रुजाँत्स त्या पट्टीच्या दक्षिण टोकाला आहे. जानेवारी १९२० पर्यंत ते ग्राउडेन्झ नावाचं जर्मन लष्करी गाव होतं. गावाबाहेर फ्रेडरिक द ग्रेटच्या काळातला किल्ला, आत बराकी, तबेले, परेडची मैदानं, सगळं आयतं बांधलेलं. पोलिश सैन्याने २३ जानेवारी १९२० ला गाव ताब्यात घेतलं. घोडदळाला इतकी सोयीची जागा दुसरीकडे शोधायची गरजच पडली नाही.

घोडदळाची मध्यवर्ती प्रशिक्षण शाळाही इथेच आली. १९२८ पासून तिचं नाव ‘घोडदळ प्रशिक्षण केंद्र’ झालं. पोलंडच्या घोडदळातला जवळजवळ प्रत्येक अधिकारी आयुष्यात कधीतरी इथून गेलेला असे. त्यामुळे अठराव्या रेजिमेंटवर नेहमीच कुणाची तरी नजर असायची: रस्त्यावर समोरून येणारा स्वार साधा शिपाई आहे की देशातला नावाजलेला घोडेशिक्षक, हे टोपी जवळून पाहिल्याशिवाय सांगता येत नसे.

रेजिमेंटमध्ये माणसं किती आणि हत्यारं कोणती?

युद्धाच्या तयारीत असलेल्या रेजिमेंटमध्ये आठशेहून थोडी जास्त माणसं आणि साधारण तितकेच घोडे. चार लढाऊ स्क्वाड्रन. त्याशिवाय जड मशीनगनांचं एक स्क्वाड्रन, त्यात १२ ब्राउनिंग. ३७ मिलिमीटरच्या चार रणगाडाविरोधी बोफोर्स तोफा. सायकलस्वारांची एक तुकडी, संपर्काची एक आणि पूल-रस्ते सांभाळणारी एक.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. बोफोर्स हे नाव आपल्याकडे १९८० च्या दशकातल्या वेगळ्याच प्रकरणामुळे माहीत आहे. त्याच स्वीडिश कंपनीची ही छोटी तोफ पोलंडमध्ये परवान्याने बनत होती, घोडे जुंपून ओढली जात होती, आणि १९३९ मधला कुठलाही जर्मन रणगाडा नेहमीच्या लढाईच्या अंतरावरून फोडू शकत होती. जोडीला लांब नळीची रणगाडाविरोधी रायफल होती. ती इतकी गुप्त ठेवली होती की बऱ्याच सैनिकांनी ती युद्धाच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा हातात घेतली. थोडक्यात, या स्वारांना रणगाडा काय असतो हे ठाऊक होतं आणि तो थांबवायची साधनं त्यांच्या तबेल्याशेजारीच उभी होती.

मशीनगन घोड्यांच्या गाडीवर बसवत. चार चाकांची हलकी गाडी, मागच्या बाजूला तोंड करून ठेवलेली बंदूक. पोलिश स्वार तिला ‘ताचांका’ म्हणत.

स्वार लढायचे घोड्यावरून की खाली उतरून?

खाली उतरून. विसाव्या आणि तिसाव्या दशकातल्या पोलिश घोडदळाची ही मुख्य गोष्ट, आणि नेमकी तीच चित्रांत दिसत नाही. घोडा हे पोचायचं साधन होतं. जंगलातून, ओढ्यातून, पक्का रस्ता नसलेल्या मुलखातून रात्रीत तीस-चाळीस किलोमीटर चालायचं, पहाटे शत्रूच्या बगलेला उगवायचं, उतरायचं, खंदकातल्या पायदळासारखं लढायचं आणि पुन्हा स्वार होऊन नाहीसं व्हायचं. तलवार असे, तिची कवायतही कडक असे, पण पुस्तकी नियमांप्रमाणे घोड्यावरून हल्ला हा अपवाद होता: शत्रू गाफील असेल, उघड्यावर असेल, किंवा वेढ्यातून निसटायला दुसरी वाट नसेल तरच.

उतरून लढण्याची किंमतही होती. तीन-चार घोड्यांमागे एक माणूस मागे ठेवावा लागे, म्हणजे फळीत उभे राहणारे कमी. आख्खी घोडदळ ब्रिगेड (तीन-चार रेजिमेंटचा गट) खाली उतरली तर तिची ताकद जेमतेम एका पायदळ रेजिमेंटएवढी भरे. हा हिशोब वॉर्सामधल्या सेनापतींना पाठ होता, तरी त्यांनी घोडे का ठेवले ते पुढे पाहू.

भाले कधी गेले?

१९३४ मध्ये. त्या वर्षी भाला लढाऊ हत्यारांतून काढला गेला. परेडला, सलामीला आणि घोड्यावरच्या सरावाला तो पुढेही वापरत. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या छायाचित्रांत भालाधारी स्वार भरपूर दिसतात आणि गोंधळ वाढतो. त्याच वर्षी नव्या नमुन्याची तलवार आली. किएल्त्से गावच्या लुद्विकूफ कारखान्यात ती बनत असे. जाणकारांच्या मते घोडदळासाठी बनलेल्या शेवटच्या चांगल्या तलवारींपैकी ही एक. एका बाजूला भाला मोडीत काढायचा आणि त्याच वर्षी नवी तलवार घडवायची, यात त्या सैन्याचा सगळा गोंधळ आणि सगळा स्वभाव दिसतो.

घोडे कुणाचे असायचे?

रेजिमेंटमधले घोडे सरकारी. मराठी वाचकाला हे समजावणं सोपं आहे: उलान रेजिमेंटचा साधा स्वार हा बारगीर, घोडा आणि हत्यार सरकारचं. पण शिलेदारही होते. गावोगावच्या शेतकऱ्यांची पोरं स्वतःचा घोडा घेऊन लष्करी सरावाला येत. त्यांना ‘क्राकुस’ म्हणत. युद्ध सुरू झालं तेव्हा पायदळ डिव्हिजनांना टेहळणीसाठी दिलेल्या घोडेस्वार तुकड्यांत हे क्राकुस बऱ्याच संख्येने होते.

सरकारी घोड्यांची पैदास हा मोठाच खटाटोप होता. यानूफ पोदलास्कीसारखे सरकारी अश्वपैदास तळ अरबी आणि अँग्लो-अरबी नर पुरवत, आणि सैन्य शेतकऱ्यांकडून तयार घोडे विकत घेई. मंदीच्या वर्षांत लष्कराचा घोडेखरेदीचा पैसा हा कित्येक खेड्यांतला रोख उत्पन्नाचा मोठा आधार होता. घोडदळ कमी करायचं म्हटलं की विरोध फक्त जुन्या जनरलांकडूनच व्हायचा, असं नाही.

साध्या स्वाराचं आयुष्य कसं होतं?

सक्तीची लष्करी सेवा सगळ्यांनाच होती. घोडदळात ती पायदळापेक्षा लांब, दोन वर्षांच्या आसपास, कारण माणसाला घोड्यावर बसवायला वेळ लागतो. बहुतेक शिपाई खेड्यातले. पहिले काही महिने रिकिबीशिवाय बसायला लावत, मांड्या सोलवटेपर्यंत. दिवस तबेल्यात सुरू व्हायचा आणि तबेल्यातच संपायचा. आधी घोड्याचं पाणी, खरारा, चारा, मग माणसाचा नाश्ता. हा क्रम मोडणाऱ्याची खैर नसे.

बरेच जण इथे लिहा-वाचायला शिकले. नव्या देशाच्या सैन्यात निरक्षर शिपायांसाठी वर्ग चालत आणि तीन साम्राज्यांत वाढलेल्या लोकांना एक देश म्हणून घडवायचं काम बराकींवर सोपवलेलं होतं. पोमेरेनियातल्या शिपायांच्या वडिलांनी पहिलं महायुद्ध जर्मन गणवेशात काढलं होतं. पूर्वेकडून आलेल्या सार्जंटांचे वडील झारच्या सैन्यात. त्यांच्या नातवांना हे विचित्र वाटेल, त्यांना नव्हतं वाटत.

प्रत्येक रेजिमेंटची एक दोन ओळींची टिंगलखोर गाणी असत. एका रेजिमेंटने दुसरीची खोड काढायची, दुसरीने परतफेड करायची. मेसमध्ये रात्र चढली की ही गाणी सुरू होत. त्यांतली बरीच इथे छापण्यासारखी नाहीत.

आणि अधिकारी?

त्यांचं जग वेगळं. घोडदळाचा अधिकारी म्हणजे गावातला मानाचा पाहुणा, आणि खिशाने बहुधा रिकामा. पगार बेताचा, चांगले बूट, दुसरा घोडा, मेसची बिलं यांत तो संपायचा. लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे आणि मुलीच्या घराण्याची चौकशी होई. कर्ज, शर्यती आणि द्वंद्व यांच्या गोष्टी सगळ्याच घोडदळांबद्दल सांगतात, पोलंडच्या बाबतीत त्या जरा जास्त खऱ्या होत्या.

पण त्यांना नुसते शौकीन समजणं चूक ठरेल. रेजिमेंटचे शेवटचे कमांडर कर्नल काझिमिएश मास्तालेश हे, पुढे पोलंडचे सर्वेसर्वा झालेल्या पिल्सुद्स्कींच्या पहिल्या महायुद्धातल्या सैन्यदलांतून वर आलेले. त्या पिढीने वीस वर्षांत एक सैन्य शून्यातून उभं केलं होतं.

ऑलिंपिकचं काय? कुठेतरी वाचलं होतं.

बरोबर वाचलं होतंत. त्या काळात घोडेस्वारीच्या स्पर्धा म्हणजे जवळजवळ सैन्यांची स्पर्धा, आणि पोलिश स्वारांची तालीम ग्रुजाँत्सच्या शाळेत होई. १९२४ मध्ये पॅरिसला आदाम क्रुलिकिएविच यांनी ‘पिकादोर’ घोड्यावर अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला पोलंडच्या संघाने अडथळ्यांत रौप्य आणि तीन दिवसांच्या स्पर्धेत कांस्य पटकावलं. १९३६ मध्ये बर्लिनला, हिटलरच्या डोळ्यांसमोर, तीन दिवसांच्या स्पर्धेत सांघिक रौप्य. त्या शेवटच्या संघातले झ्दिस्वाव काव्हेत्स्की यांना १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कातिनच्या हत्याकांडात मारलं.

१९३९ मध्ये घोडदळ ठेवणं हा मूर्खपणाच नव्हता का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ हे उत्तर हवं असतं. खरं उत्तर एवढं सोपं नाही.

पोलंडच्या सेनापतींनी १९२० चं युद्ध पाहिलं होतं. पश्चिम आघाडीवर खंदक आणि काटेरी तारा, तर इकडे शेकडो किलोमीटर मोकळा मुलूख आणि विरळ फळ्या. बुद्योन्नीच्या सोव्हिएत घोडदळाने ती फळी फोडून पोलंडला कापरं भरवलं, आणि ३१ ऑगस्ट १९२० ला कोमारूफ इथे पोलिश घोडदळानेच त्याला मागे रेटलं. युरोपातली घोडदळाची शेवटची मोठी लढाई म्हणून तिचं नाव घेतात. ज्यांनी हे जिंकलं तेच पुढची पंधरा वर्षं सैन्याची धोरणं ठरवत होते. आणि त्यांच्या मते पुढचं युद्धही पूर्वेकडेच, सोव्हिएतांशी होणार होतं. पूर्वेकडच्या पोलेसी भागातल्या दलदलीत, जिथे पावसाळ्यात बैलगाडीही रुतते, तिथे १९३० चा ट्रक काय करणार?

दुसरं कारण पैसा. देश गरीब, मोटार उद्योग बाळसं धरायच्या आधीच मंदीत सापडलेला. ७टीपी नावाचा स्वतः बनवलेला रणगाडा चांगला होता, पण युद्ध सुरू झालं तेव्हा असे रणगाडे दीडशेच्या आतच होते. बाकी सगळी भिस्त दोन माणसांच्या, मशीनगनवाल्या छोट्या टँकेटांवर.

बदल सुरू झाला होता. १९३७ मध्ये दहावी घोडदळ ब्रिगेड पूर्णपणे मोटारींवर चढवली आणि पुढे ती स्तानिस्वाव माचेक यांच्या हाती आली. १९३९ मध्ये वॉर्साची दुसरी मोटार ब्रिगेड उभी राहत होती. उरलेल्या अकरा ब्रिगेड घोड्यांवरच होत्या, पण प्रत्येकीला टँकेट, चिलखती गाड्या आणि विमानविरोधी तोफा दिल्या होत्या. सैन्याचा दहावा भाग घोडदळ होतं.

तरी टीकेला जागा आहे. घोडदळातल्या लोकांचं वजन इतकं होतं की ज्या पैशात आणखी एखादी मोटार ब्रिगेड उभी राहिली असती, तो पैसा चाऱ्यात आणि खोगिरांत गेला. १९३५ मध्ये पिल्सुद्स्की वारल्यावर खरी आधुनिकता सुरू झाली, तोवर चार वर्षं उरली होती. माझ्या मते हा मूर्खपणा नव्हता. हा आधीच्या युद्धाच्या तयारीत अडकलेला शहाणपणा होता. परिणाम फार वेगळा झाला नसता, हेही खरं. जर्मनीच्या उद्योगाशी पोलंडची बरोबरी कुठल्याही धोरणाने होणार नव्हती.

१ सप्टेंबर १९३९ ला नेमकं काय घडलं?

अठरावी रेजिमेंट पोमेरेनियन घोडदळ ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडमधल्या बाकीच्या रेजिमेंट स्तारोगार्द, बिदगोश्च आणि हेउमनो इथल्या. युद्धाच्या तोंडावर त्यांना कॉरिडॉरच्या पश्चिम कडेला, तुहोलाच्या जंगलपट्ट्यात नेऊन ठेवलं. तिथल्या दलाचे प्रमुख जनरल स्तानिस्वाव ग्झमोत-स्कोतनित्स्की. त्यांच्या वर ‘पोमेरेनिया’ आर्मी, तिचे प्रमुख जनरल बोर्तनोव्स्की. जागा वाईट होती. कॉरिडॉर दोन्हीकडून कापला जाणार हे नकाशा बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं, पण तो न लढता सोडला तर हिटलर तेवढाच घेऊन तह मागेल ही राजकीय भीती होती. म्हणून सैन्य तिथे ठेवलं.

पहाटे जर्मनांची १९ वी कोअर पुढे सरकली. तिचा प्रमुख हाइन्झ गुडेरियान. होयनित्से गावाजवळ अठराव्या रेजिमेंटसमोर आली ती २० वी मोटार पायदळ डिव्हिजन. दिवसभर रेजिमेंट उतरून लढली आणि टप्प्याटप्प्याने मागे सरली. दुपारनंतर पोलिश पायदळाला ब्रदा नदीकडे माघार घ्यायची होती आणि पाठलाग करणाऱ्या जर्मनांना कुणीतरी रोखणं भाग होतं. मास्तालेश यांनी ठरवलं की दोन स्क्वाड्रन घेऊन शत्रूच्या बगलेला जायचं. तुकडीचं नेतृत्व रोत्मिस्त्श, म्हणजे घोडदळातले कॅप्टन, एउगेनिउश श्वेश्चाक यांच्याकडे. स्वार अडीचशेच्या आसपास.

संध्याकाळी क्रोयांती गावाजवळ ते जंगलातून बाहेर आले तेव्हा मोकळ्या मैदानाच्या कडेला जर्मन पायदळाची एक बटालियन विसाव्याला बसलेली दिसली. अंतर काही शे मीटर. गाफील, उघड्यावर: पुस्तकात लिहिलेला तो अपवाद हाच. श्वेश्चाक यांनी तलवारी उपसायचा हुकूम दिला. जर्मन पायदळ पांगलं, काही कापले गेले, बाकीचे झाडीत पळाले.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून चिलखती गाड्या आल्या आणि त्यांनी मैदानावर गोळीबार सुरू केला. घोड्यावरच्या माणसाला लपायला जागा नसते. श्वेश्चाक पडले. त्यांच्या मदतीला धावलेले मास्तालेशही पडले. वाचलेल्यांनी टेकाडामागे आडोसा घेतला. साधारण पंचवीसच्या आसपास ठार, जखमी त्याच्या दुपटीने. हे सगळं काही मिनिटांत.

मग हा हल्ला फसला की जमला?

दोन्ही. रेजिमेंटने आपला कमांडर आणि एका स्क्वाड्रनचा प्रमुख गमावला. पण पाठलाग थांबला आणि पायदळाला माघारीला वेळ मिळाला, हल्ल्याचा उद्देश तोच होता. पोलिश घोडेस्वारांचा धसका त्या रात्री जर्मनांच्या मोटार पायदळात पसरला होता. गुडेरियानने स्वतः आठवणींत लिहिलं आहे की मध्यरात्रीनंतर त्याच्या २ ऱ्या मोटार डिव्हिजनने पोलिश घोडदळामुळे माघार घ्यावी लागते आहे असा निरोप पाठवला आणि त्याला त्यांची कानउघाडणी करावी लागली.

जनरल ग्झमोत-स्कोतनित्स्की यांनी स्वतःच्या छातीवरचा ‘विर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च शौर्यक्रॉस काढून रेजिमेंटच्या निशाणाला लावला.

रणगाड्यांची गोष्ट मग आली कुठून?

दुसऱ्या दिवशीपासून. जर्मनांनी परदेशी वार्ताहरांना, त्यांत इटालियन वार्ताहरांना, रणांगण दाखवायला नेलं. मेलेले घोडे, मेलेले स्वार, आणि तोवर तिथे येऊन उभे राहिलेले रणगाडे. कोण कुणाशी लढलं हे सांगायला जर्मन होतेच. या संदर्भात पुढे फार गाजलेले पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली यांचं नाव नेहमी घेतलं जातं. वार्ताहरांनी ते शौर्याचं वर्णन म्हणूनच लिहिलं, कुचेष्टेने नाही. बर्लिनमधल्या प्रचारखात्याने त्यालाच मूर्खपणाची कथा केलं: पोलिशांना वाटत होतं की आमचे रणगाडे पुठ्ठ्याचे आहेत, वगैरे. आणि त्याच गुडेरियानने आठवणींत हेही लिहून ठेवलं की पोमेरेनियन ब्रिगेडने तलवारी-भाले घेऊन रणगाड्यांवर हल्ला केला. दोन विधानं एकाच माणसाची, आणि जगाने दुसरं लक्षात ठेवलं.

पण सगळा दोष जर्मनांवर टाकून चालणार नाही. युद्धानंतर पोलंडमधल्या कम्युनिस्ट सरकारलाही ही गोष्ट हवी होती, कारण तिच्यातून युद्धापूर्वीचं ‘सरदारी’ राज्य किती नालायक होतं ते आपोआप सिद्ध होई. आंद्रे वायदा यांच्या १९५९ च्या ‘लोतना’ चित्रपटात उलान तलवारीने रणगाड्याच्या नळीवर वार करतो असं दृश्य आहे. जुने स्वार त्यावर फार चिडले. आणि काही पोलिश लोकांना ती दंतकथा मनातून आवडतेही, हे त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं तरी कळतं. हरलो, पण कसे हरलो पाहा, हा सूर आपल्यालाही पानिपताच्या गोष्टींतून ओळखीचा आहे.

जर्मनांकडे घोडे नव्हते का?

भरपूर होते. १९३९ च्या एका जर्मन पायदळ डिव्हिजनमध्ये साडेचार-पाच हजारांच्या घरात घोडे असत, तोफा आणि रसद ओढायला. सगळ्या युद्धात जर्मनीने पंचवीस लाखांहून जास्त घोडे वापरले. त्यांची स्वतःची घोडदळ ब्रिगेडही त्या सप्टेंबरात पोलंडमध्ये लढत होती. चित्रफितींत मात्र रणगाडेच दाखवायचे असा नियम होता.

घोडदळाने रणगाडे खरंच कुठे अडवले का?

अडवले, त्याच दिवशी. दक्षिणेला मोक्रा गावाजवळ कर्नल यूलियान फिलिपोविच यांच्या व्होलिन घोडदळ ब्रिगेडने जर्मनांच्या चौथ्या पान्झर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनला दिवसभर रोखलं. स्वार उतरून खंदकांत होते, बोफोर्स तोफा झाडीत होत्या आणि मागच्या रुळावरून ‘श्मिआवी’ ही चिलखती आगगाडी मारा करत होती. या लढाईचं कुणी चित्र काढत नाही, कारण तिच्यात घोडे मागे झाडांना बांधलेले आहेत.

सगळ्या मोहिमेत घोड्यावरून डझनभराहून अधिक हल्ले झाले, जवळजवळ सगळे पायदळावर किंवा जर्मन स्वारांवर. १९ सप्टेंबरला व्हूल्का व्हेंग्लोव्हा इथे चौदाव्या रेजिमेंटने वेढा फोडून वॉर्सात प्रवेश मिळवला, तो यांतला सर्वांत नावाजलेला.

अठराव्या रेजिमेंटचं पुढे काय झालं?

फार दिवस गेले नाहीत. ३ सप्टेंबरपर्यंत कॉरिडॉर कापला गेला आणि ब्रिगेडचा बराचसा भाग जंगलात आणि विस्तुलाच्या वाटेवर संपला. उरलेले स्वार इतर पथकांत मिसळून ब्झुरा नदीच्या लढाईत लढले. ग्झमोत-स्कोतनित्स्की तिथेच पडले. बोर्तनोव्स्की कैद झाले.

क्रोयांतीला आज स्मारक आहे आणि दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला हौशी स्वार त्या हल्ल्याचा प्रयोग करतात. जायचं असेल तर होयनित्सेपर्यंत रेल्वेने जाता येतं.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा काही संबंध?

या रेजिमेंटचा थेट नाही, तिच्या भाऊबंदांचा आहे. डिसेंबर १९२० मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून युद्धातल्या सैनिकांना पूर्वेकडे शेतजमिनी दिल्या. घोडदळातल्या अनेकांनी त्या घेतल्या. पहिल्या, क्रेहोव्त्से उलान रेजिमेंटच्या जुन्या स्वारांनी तर रुव्नो शहराजवळ (आता युक्रेनमध्ये) एक आख्खी वसाहत वसवली आणि तिला रेजिमेंटचंच नाव दिलं.

सोव्हिएतांनी पूर्व पोलंड घेतल्यावर १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री हद्दपारीची पहिली लाट आली, ती मुख्यतः या सैनिक-शेतकऱ्यांच्या कुटुंबांवर. मालगाड्यांत भरून त्यांना उत्तरेला आणि सैबेरियात नेलं. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर वाचलेले लोक मध्य आशियातून १९४२ मध्ये इराणला पोचले. पुरुष पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले आणि क्रेहोव्त्से रेजिमेंट त्या सैन्यात पुन्हा उभी राहून इटलीत रणगाड्यांवर लढली. बायका, मुलं, म्हातारी माणसं वेगवेगळ्या देशांत पाठवली गेली. त्यांतली सुमारे पाच हजार १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली, १९४८ पर्यंत. तिथे शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. वळिवड्याला वाढलेल्या त्या पिढीतले लोक पुढे अनेक वर्षं कोल्हापूरला येत राहिले. शहरात त्यांचं स्मारक महावीर उद्यानात आहे.